शिसं किती लावायचं? पाण्यात उतरताना वजन आणि बोयन्सी (पाण्यात तरंगणं-बुडणं) कशी सांभाळायची, मालवणकडे डाइव्ह करणाऱ्यांसाठी

मालवणात होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकून थांबली की एक गोष्ट हमखास दिसते. कुणीतरी पाण्यात उतरतं, बीसीडी म्हणजे हवा भरायच्या जॅकेटमधली हवा सोडतं आणि बुडतच नाही. डोकं पाण्यावर, खाली पाय सायकल मारल्यासारखे चाललेत, श्वास जोरजोरात, आणि मग होडीकडे बघून हात वर, "अजून एक किलो द्या हो." एक किलो मिळतं तरी बुडत नाही, मग अजून एक. असं करत करत नऊ-दहा किलो शिसं कमरेला बांधून तो माणूस शेवटी खाली जातो, पण जातो तो दगडासारखा, कान दुखतात, तळाला गुडघे टेकतात, वाळूचा ढग उठतो आणि मागच्या तिघांना काही दिसत नाही.

मी पण असाच खाली गेलोय. कोर्स झाल्यावरच्या पहिल्याच डाइव्हला मला नऊ किलो लावलं होतं, माझं वजन तेव्हा ६८, अंगात ३ एमएमचा सूट. मला वाटलं लावलंय तर बरोबरच असणार. सगळी डाइव्ह बीसीडीत हवा भर, हवा सोड, भर, सोड असंच चाललं, माझा टँक सगळ्यांच्या आधी पन्नास बारवर (बार म्हणजे टँकमधल्या हवेच्या दाबाचं माप) आला आणि डाव्या कानाला आठवडाभर दडा होता. पाण्याखाली काय बघितलं ते आठवत नाही, काटा तेवढा आठवतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या तर बाकीचं आपोआप जुळतं. एक, वर तरंगत राहणाऱ्या दहातल्या बहुतेकांना शिसं कमी पडलेलं नसतं, त्यांच्या छातीत हवा जास्त असते. दोन, शिसं हे बुडण्यासाठी लावायचंच नाही, ते लावायचं डाइव्हच्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी, जेव्हा टँक हलका झालेला असतो आणि तुम्हाला ५ मीटरवर तीन मिनिटं स्थिर थांबायचं असतं.

हा लेख कोर्स केलेल्यांसाठी किंवा करत असलेल्यांसाठी आहे. तारकर्ली-मालवणला येऊन अर्ध्या तासाची पर्यटकांची डाइव्ह करायची असेल तर तिथे गाइड तुमचा टँक धरून असतो, तुमची बोयन्सी त्याच्या हातात, तुम्ही बटणांना हात लावायचा नाही. तुमचं काम एवढंच की श्वास कधीच रोखायचा नाही, कान दुखला की लगेच हाताने दाखवायचं, आणि दमा, सर्दी, कानाचं काही असेल तर होडीत बसायच्या आधी खरं सांगायचं.

आधी थोडं गणित, अवघड नाही

पाण्यात तुमचं शरीर आणि सामान जितकी जागा अडवतं तितक्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी तुम्हाला वर ढकलतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे ते जास्त ढकलतं. तुम्ही ७० किलोचे, सामान पंचवीस किलोचं, मिळून ९५, त्याचे अडीच टक्के म्हणजे जवळजवळ अडीच किलो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या स्विमिंग पूलमध्ये तीन किलोवर तुम्ही मस्त बुडत होतात तर तेच तीन किलो मालवणात लावून बुडणार नाही, आणि यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. पूलचा आकडा समुद्रात चालत नाही एवढं वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर अजून गंमत, पाणी कुठे खारं कुठे मचूळ, त्यामुळे संगमाजवळचा अंदाज बाहेरच्या खडकांवर घेऊन जायचा नाही.

आता टँक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा टँक मिळतो. भरलेला असताना तो पाण्यात पाऊण-एक किलो जड असतो, पण रिकामा होत आला की उलट दीड-दोन किलो वर ओढायला लागतो. कारण हवेलाही वजन आहे, एक लिटर हवा म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि २०० बारपासून ५० बारपर्यंत तुम्ही साडेसोळाशे लिटरच्या वर हवा ओढून टाकता, म्हणजे दोन किलो वजन डाइव्हभर बुडबुडे होऊन निघून जातं. हे दोन किलो सगळ्यात महत्त्वाचे आहेत. उतरताना जो माणूस अगदी परफेक्ट वजनाचा होता तो वर येताना दोन किलोने हलका असतो, आणि मग ५ मीटरवर त्याला थांबता येत नाही, फुग्यासारखा वर जातो. स्टीलचा टँक असेल तर तोही तेवढाच हलका होतो, पण बहुतेक स्टील टँक रिकामे झाले तरी तरंगत नाहीत, त्यामुळे शिसं मुळातच कमी लागतं. म्हणून टँक हातात आला की आधी विचारा कशाचा आहे.

तिसरी गोष्ट वेटसूट. निओप्रीनमध्ये बारीक बारीक हवेचे कप्पे असतात, वरती ते फुगलेले, खाली दाबले जातात. १० मीटरला दाब दुप्पट होतो, म्हणजे हवेचं आकारमान निम्मं. पण बघा, १० वरून २० ला गेलं तर दुप्पटवरून तिप्पटच होतो. याचा अर्थ सगळ्यात जास्त उलथापालथ पहिल्या १० मीटरमध्ये होते, आणि किल्ल्याच्या आजूबाजूच्या आपल्या बऱ्याचशा डाइव्ह त्याच पट्ट्यात असतात. लोक म्हणतात उथळ आहे म्हणजे सोपं आहे. श्वासाच्या आणि हवेच्या हिशोबाने तसं असेल, बोयन्सीच्या हिशोबाने उथळ पाणीच अवघड.

आणि चौथी, तुमची छाती. छातीत एक लिटर हवा जास्त घेतली की तुम्ही साधारण एक किलोने हलके होता. साधा श्वास अर्धा लिटरचा, पण घाबरून छाती भरून घेतलेला श्वास तीन-चार लिटरचा असू शकतो. म्हणजे जो माणूस पाण्यावर हापतोय आणि शिसं मागतोय त्याने स्वतःच छातीत तीन किलोचा फुगा धरून ठेवलाय.

होडीत बसायच्या आधी

सुरुवातीचा अंदाज असा काढा. ३ एमएम फुल सूट असेल तर अंगाच्या वजनाच्या पाच टक्के, त्यात ॲल्युमिनियम टँकसाठी दीड-दोन किलो. ७० किलोच्या माणसाला साडेतीन आणि दोन, म्हणजे पाच-साडेपाच. नुसता लायक्राचा सूट असेल तर यातून दोनेक किलो कमी. हा फक्त अंदाज आहे, खरा आकडा पाण्यातच कळतो, कारण दोन माणसं सारख्या वजनाची असली तरी एकाच्या अंगात चरबी जास्त आणि दुसऱ्याच्या अंगात स्नायू जास्त असला तर त्यांच्यात दोन किलोचा फरक सहज पडतो. आपल्याकडे पाणी कोमट असतं, ५ एमएम घालायची फारशी गरज पडत नाही. जाड सूट म्हणजे जास्त शिसं आणि जास्त शिसं म्हणजे जास्त हवेची भानगड, त्यामुळे थंडी वाजत नसेल तर पातळच बरा.

बेल्टवर शिसं दोन्ही बाजूला सारखं पाहिजे. चार किलो उजवीकडे आणि एक डावीकडे असा बेल्ट मी लोकांच्या कमरेला बघितलाय, मग ते सगळी डाइव्ह एका कुशीवर. तुकडे कमरेच्या बाजूला घ्या, अगदी पाठीच्या मधोमध नको, तिथे टँक टेकतो आणि टोचतं. बेल्ट बांधताना पुढे वाका, म्हणजे तो पाठीवर टेकून राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात, मग घट्ट ओढा. बक्कल अशी हवी की उजव्या हाताने एका झटक्यात सुटली पाहिजे, आणि बेल्ट बाकीच्या सगळ्या पट्ट्यांच्या वर पाहिजे, बीसीडीच्या पट्ट्याखाली अडकलेला बेल्ट अडचणीच्या वेळी सुटत नाही. शिसं बीसीडीच्याच खिशात असेल तर तो खिसा ओढून निघतो का ते होडीतच एकदा ओढून बघा. बारक्या चेनच्या खिशात कुणी जास्तीचं शिसं कोंबून देत असेल तर थोडा वेळ ठीक, पण ते घाईत टाकता येत नाही हे लक्षात ठेवा.

मग बडीबरोबर (डाइव्हच्या जोडीदाराबरोबर) चेक. हा लोक फोटो काढता काढता करतात, तसं करू नका, दोन मिनिटं लागतात. इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायच्या नळीचं) बटण दाबा, हवा जाते का, बोट काढल्यावर थांबते का, बटण अडकत तर नाही, कारण खाऱ्या पाण्याने आणि वाळूने बटणं अडकतात. मग हवा सोडायचं बटण, मग खालचा आणि खांद्यावरचा डंप व्हॉल्व्ह (हवा पटकन सोडायची झडप), दोरी ओढून आवाज ऐका. तोंडात रेग्युलेटर (ज्यातून टँकची हवा घेतो तो) घेऊन टँकच्या काट्याकडे बघत तीन-चार श्वास घ्या, काटा हलला तर टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, लगेच सांगा. बडीच्या बेल्टची बक्कल कुठे आहे ते डोळ्याने बघा आणि हाताने चाचपा, कारण गरज पडली तर ती तुम्हालाच सोडायची आहे.

पाण्यात उडी

आपल्याकडच्या फायबरच्या होड्या लहान असतात, त्यामुळे बहुतेक वेळा काठावर बसून पाठीमागे पडायचं असतं. बीसीडी अर्धी फुगवा. अगदी टच्च नको, नाहीतर पडताना छाती आवळते, पण पडल्यावर तुम्ही आपोआप वर आलात पाहिजे. उजव्या हाताच्या तळव्याने रेग्युलेटर आणि बोटांनी मास्क दाबून धरा, डाव्या हाताने बेल्टची बक्कल आणि नळ्या अंगाशी धरा. मागे बघा, कुणी पोहत नाही ना, दुसरी होडी नाही ना. हनुवटी छातीला लावा आणि पडा, उडी मारायची नाही, फक्त तोल सोडायचा. होडीच्या दोन्ही बाजूचे दोघं एकाच वेळी पडले तर होडी डुलत नाही, तांडेल (होडी चालवणारा) तीन म्हणाला की दोघांनी एकदमच. आणि इंजिन बंद किंवा न्यूट्रल आहे हे तांडेलाने सांगितल्याशिवाय कुणीही पडायचं नाही.

वर आल्यावर पहिलं काम, डोक्यावर मूठ किंवा हाताने ओके दाखवा, मग होडीपासून दोन-तीन हात लांब सरका, कारण तुमच्या जागेवर पुढचा येणार आहे. रेग्युलेटर तोंडातच ठेवा. लाट तोंडावर आली की लोक रेग्युलेटर काढून बोलायला जातात, पाणी गिळतात, आणि तिथूनच घाबरणं सुरू होतं.

मोठी बोट असेल तर एक पाय पुढे टाकून उभ्याने उतरतात, तेव्हा पण बीसीडी अर्धी फुगलेली आणि नजर खाली नको, समोर. चिवल्यासारख्या किनाऱ्यावरून चालत जायचं असेल तर बीसीडी फुगवून, रेग्युलेटर तोंडात घेऊन, फिन (पायातले पंखे) कमरेएवढ्या पाण्यात घालायचे, लाटेकडे पाठ करून कधी उभं राहायचं नाही.

बीसीडी पूर्ण रिकामी करून उडी मारून सरळ खाली जायची एक पद्धत आहे, प्रवाह जोरात असतो तिथे अनुभवी लोक वापरतात. ज्याला आपलं वजन पक्कं माहीत नाही त्याने ती करायचीच नाही. वजन जास्त असलं तर थांबायला जागाच मिळत नाही आणि कान मोकळे होईपर्यंत तुम्ही तळाला असता.

वजनाची चाचणी, हीच खरी पायरी

मोसमातल्या पहिल्या डाइव्हला, नवीन सूट घेतला की, नवीन टँक आला की, हे करायचंच. सकाळी करा, दुपारनंतर वारा सुटतो आणि लाटेत डोळ्याची पातळी कळत नाही. किल्ल्याच्या आडोशाला पाणी शांत मिळतं.

होडीच्या दोराला एका हाताने हलकं धरून उभे रहा, पाय सरळ खाली. रेग्युलेटर तोंडात, मास्क डोळ्यावर. आधी एक मिनिट काही करू नका. बीसीडी फुगलेली असू दे, तिच्यावर लटकून रहा आणि श्वास खाली येऊ द्या. हे मिनिट कुणी देत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक याच मिनिटाने पडतो.

मग डावा हात सरळ वर करून इन्फ्लेटरची नळी सगळ्यात उंच धरा, डावा खांदा थोडा वर, आणि हवा सोडा. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाते, नळी खाली आणि खांदा वर असेल तर बटण कितीही दाबा, हवा निघणार नाही. सगळी निघाली की दोर सोडा. घोट्यावर घोटा टाकून पाय बांधल्यासारखे ठेवा, म्हणजे नकळत फिन मारले जाणार नाहीत. आता साधा श्वास घ्या, छाती फुगवून नाही, आणि दोन-तीन सेकंद धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, मास्कच्या काचेच्या मधोमध. मग श्वास सोडा, पूर्ण, आणि हळूहळू डोकं पाण्याखाली गेलं पाहिजे. चाचणीपुरता हा श्वास पाण्यावरच धरायचा असतो, खाली गेल्यावर कधीच नाही.

श्वास धरलेला असतानाच बुडलात तर शिसं जास्त आहे, एक किलो काढा. श्वास पूर्ण सोडूनही हनुवटी पाण्याबाहेर राहिली तर एक किलो वाढवा, मिळालं तर अर्धा. एकदम दोन-तीन किलो कधी बदलू नका. आणि ही चाचणी भरलेल्या टँकवर केलीत तर बरोबर आलेल्या आकड्यात ते निघून जाणारे दोन किलो मिळवा. डाइव्ह संपताना ५० बारला चाचणी केलीत तर काही मिळवायचं नाही, आला तोच खरा आकडा. माझं मत विचाराल तर शेवटी केलेली चाचणीच जास्त विश्वासाची, कारण तेव्हा मन शांत असतं, सूट पूर्ण भिजलेला असतो आणि बीसीडीत कुठे कोपऱ्यात अडकलेली हवा राहिलेली नसते.

आपल्याकडे पागाने (फेकायच्या जाळ्याने) मासे मारणाऱ्यांकडे बघा. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात. शिसं कमी पडलं तर जाळं खाली जाईपर्यंत मासे पळतात, जास्त झालं तर हात भरून येतो आणि जाळं खडकात अडकतं. पागणारा माणूस गोळ्या अंदाजाने ओवत नाही, टाकून बघतो, काढतो, परत टाकतो. आपलं पण तसंच.

तरी बुडत नाही?

मागच्या मोसमात एक पुण्याची मुलगी होती, चौथीच डाइव्ह, साडेपाच किलो लावलेलं, चाचणीत बरोबर आलेलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच वजन असून बुडेना. लाट थोडी जास्त होती एवढंच. तिने शिसं मागितलं, होडीतले तांडेल काका वरून म्हणाले, "घाई कित्याक, आधी श्वास सोड गो." मी तिच्यासमोर गेलो, तिचे दोन्ही हात धरले आणि खाली बघितलं तर फिन पंख्यासारखे चाललेले. हवा सोडतेय आणि पायाने स्वतःला वर ढकलतेय. घोटे एकमेकांवर टाकायला लावले. मग तिला खूण केली, माझ्या बरोबर सोड, आणि मी बुडबुडे सोडायला लागलो, लांब, सावकाश, चुलीत फुंकणीने फुंकतात तसे, संपले असं वाटल्यावर अजून थोडे. तिसऱ्या श्वासाला तिच्या मास्कवरून पाणी गेलं, डोळे मोठे झाले आणि आम्ही दोघं खाली. एक ग्रॅम शिसं वाढवलं नव्हतं.

गोम कुठे असते, तर श्वास सोडल्यावर बुडायला सेकंद-दोन सेकंद लागतात. माणूस श्वास सोडतो, अजून बुडलो नाही असं वाटतं, आणि लगेच मोठा श्वास घेतो, म्हणजे खाली जायच्या वेळेला परत फुगा. श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबा, खाली सरकल्याचं जाणवू द्या, मग अर्धाच श्वास घ्या, मग परत पूर्ण सोडा. पहिले दोन मीटर असे काढले की सूट दाबला जातो आणि पुढे सोपं होतं.

अजून काही कारणं असतात. कोरडा सूट घालून सरळ पाण्यात उतरलात तर मानेतून, पाठीतून हवा अडकलेली असते, मान ओढून पाणी आत घ्या. बीसीडीचा उजवा खांदा वर राहिला तर तिथे हवा साठते, उजवीकडे थोडं कलून, डावा खांदा वर करून परत सोडा. हे सगळं करूनही आणि दोनदा शांतपणे प्रयत्न करूनही नाहीच गेलात तर मग एक किलो घ्या, त्यात लाज नाही.

खाली जाताना

बडीला खूण, वेळ बघा, आणि पाय खाली डोकं वर असेच उतरा. नांगराचा दोर असेल तर तो हातात धरून जा, दोन हातांमधलं अंतर तेवढं जायचं आणि कान मोकळे करायचे. कान दुखायच्या आधी मोकळे करायचे असतात, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखलं तर थांबा, थोडं वर या, परत करा. जोर लावून कधीच नाही.

तीन-चार मीटरनंतर वेग वाढायला लागेल कारण सूट दाबला जातोय. इथे बीसीडीत हवा घालायला सुरुवात करा, तळ दिसल्यावर नाही. अगदी चिमूटभर, बटणावर टिचकी मारल्यासारखं, आणि मग तीन-चार सेकंद वाट बघा. नवीन माणूस टिचकी मारतो, लगेच काही होत नाही म्हणून अजून दोन मारतो, आणि मग तिन्हीचा परिणाम एकदम येतो आणि तो वर जायला लागतो. मालवणात पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, तळ अचानक समोर येतो, त्यामुळे खोलीच्या काट्यावर नजर ठेवा, डोळ्यावर विसंबू नका.

तळाच्या मीटर-दीड मीटर वर थांबता आलं पाहिजे. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, आणि सरासरी तिथेच, म्हणजे झालं. श्वास रोखून जागा धरायची नाही, कधीच नाही, वर सरकताना रोखलेला श्वास फुप्फुसाला इजा करतो, आणि त्याला मीटरभर उथळ पाणी पण पुरतं. पाय सतत खाली जात असतील तर वजन फार खाली आहे, एखादा किलो कमरेवरून काढून टँकच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला लावा. बेल्ट सैल झाला असेल तर तो इथेच घट्ट करा, पालथं होऊन, सूट दाबला गेल्यामुळे तो होतोच.

शिसं जास्त असलं की काय होतं ते आता आकड्यात बघा. तीन किलो जास्तीचं शिसं म्हणजे १० मीटरला बीसीडीत तीन लिटर जास्तीची हवा. तीच हवा वर येईपर्यंत सहा लिटर होते. ती वेळेवर सोडली नाहीत तर वेग तुमच्या हातात राहत नाही. शिवाय पाय खाली, छाती वर अशा तिरक्या अंगाने पोहत राहता, हवा जास्त जाते आणि फिन प्रवाळाला लागतात. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि इथलं प्रवाळ वर्षाला मिलीमीटरच्या किंवा फार तर सेंटीमीटरच्या हिशोबाने वाढतं, एका गुडघ्याखाली मोडलेला तुकडा परत यायला वर्षं जातात. मला यावर खरंच राग येतो, कारण मोडणाऱ्याची बहुतेक वेळा चूक नसते, त्याला जास्त शिसं बांधून सोडलेलं असतं.

वर येताना आणि वर आल्यावर

वर सरकायला लागलात की हवा थोडी थोडी सोडत रहा, डावा हात वर. मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू. ५ मीटरला तीन मिनिटं थांबा, यालाच सेफ्टी स्टॉप म्हणतात, आणि तिथे तुमच्या सगळ्या हिशोबाची परीक्षा होते. काटा ५० च्या आसपास, बीसीडी जवळजवळ रिकामी, आणि तुम्ही साध्या श्वासावर तिथेच आहात, तर वजन बरोबर. पायाने खाली ढकलत रहावं लागलं तर एक किलो कमी होतं. बीसीडीत बरीच हवा ठेवल्याशिवाय थांबता येत नसेल तर जास्त होतं.

पाण्यावर आल्याबरोबर बीसीडी फुगवा, मगच बाकीचं. टँकमधली हवा संपली असेल तर तोंडाने फुगवा. तरी तोंड पाण्यावर राहत नसेल, किंवा बडी घाबरलाय आणि बुडतोय, तर बेल्ट सोडून द्या. लोक सोडत नाहीत, भाड्याचं शिसं आहे, पैसे भरावे लागतील म्हणून. भरू. बक्कल उजव्या हाताने ओढायची, बेल्ट अंगापासून लांब धरायचा आणि सोडायचा. होडीत बसल्या बसल्या ही हालचाल दोन-चारदा करून ठेवा म्हणजे हाताला सवय राहते.

निवतीच्या खडकांकडे जाल तेव्हा पाणी खोल आणि प्रवाह जास्त, तिथे वजन पहिल्यांदा ठरवायला जाऊ नका, आधी किल्ल्याजवळ ठरवून मग जा. आंग्रिया बँक (समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार) तर विजयदुर्गपासून १०० किलोमीटरच्या वर आत आणि तिचा सगळ्यात उथळ भागच २० मीटरच्या आसपास, तिथे जाणाऱ्याला आपला आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

होडी परत धक्क्याकडे निघाली की हात पुसा आणि वही काढा, घरी जाऊन लिहू म्हणाल तर विसराल. माझ्या वहीत एका पानावर असं आहे: मालवण, सकाळ, ६८ किलो, ३ एमएम फुल सूट, ॲल्युमिनियम टँक, शिसं ५ किलो, बेल्टवर ४ आणि टँकच्या पट्ट्यावर १. सेफ्टी स्टॉपला ५५ बार, बीसीडी रिकामी, जागेवर. त्याच्या खाली पुढच्या मोसमातली ओळ आहे: पावसाळ्यानंतर वजन ७२, तोच सूट, परत चाचणी केली, साडेपाच.